अळणी भाजीची परीक्षा

साने गुरुजींची 'श्यामची आई' आपण वाचतो ती बहुधा डोळे पुसण्यासाठी. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आपण मातृप्रेमाचे स्तोत्र म्हणून देव्हाऱ्यात ठेवले. त्यामुळे त्याचा दुसरा एक गुण नजरेआड राहिला. मूल चारचौघांत बोलायला कसे शिकते, हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडच्या या घरात जितके स्पष्ट दिसते, तितके मला इतरत्र क्वचितच आढळले.

'अळणी भाजी' हे प्रकरण घ्या. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील अवाक्षर न काढता जेवतात आणि त्यांच्याकडे पाहून मुलेही गप्प राहतात. आता पंगतीच्या कडेला एखादा परीक्षक कागद-पेन्सिल घेऊन बसला आहे असे समजा. मुलांच्या नावापुढे तो काय लिहील? चव कळली, पण सांगता आली नाही, गुण शून्य! वास्तविक, भाषेचा सर्वांत अवघड धडा ती मुले त्याच वेळी गिरवीत होती.

ही कल्पना केवळ थट्टेची नाही. मुलांचे आणि कुमारांचे सामाजिक भाषाकौशल्य मोजणाऱ्या चाचण्या आज खरोखरच आहेत. चित्र दाखवून 'हिला काय वाटत असेल?' असे विचारतात. 'मित्राला नाही कसे म्हणशील?' असेही विचारतात. त्यांची गरज मला मान्य आहे. शब्द पुष्कळ, व्याकरण शुद्ध, पण थट्टा कोणती आणि खरे कोणते हे उमगत नाही, अशी मुले असतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाने २०१३ साली या अडचणीला स्वतंत्र नाव दिले. आपण मात्र अशा मुलाला 'आगाऊ' किंवा 'घुम्या' म्हणून मोकळे होतो.

माझी तक्रार आहे ती मापाविषयी. आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा 'नको' म्हणतो, तो नकार नसतो. निघताना 'येतो' म्हणतो, तेव्हा तो जात असतो. पुष्कळ घरांत आईला 'अगं' आणि वडिलांना 'अहो' म्हणणारे मूल एका दमात दोन नाती सांभाळते. घरी संगमेश्वरी बोलीत खळखळून बोलणारा मुलगा पुस्तकी मराठीत प्रश्न येताच मान खाली घालतो. त्या अर्ध्या तासाच्या गप्पपणावरून त्याची पारख कशी व्हावी? डोरोथी बिशप या इंग्रज विदुषीने १९९८ साली प्रसिद्ध केलेली प्रश्नावली मला म्हणूनच शहाणपणाची वाटते. ती मुलाला प्रश्न विचारीत नाही. त्याला रोज ऐकणाऱ्या मोठ्यांना विचारते. मात्र तीही आपल्या रीतींत मुरवून घ्यावी लागेल. नुसता तर्जुमा पुरणार नाही.

पण 'आमची रीत' म्हटले की सारे संपले, असेही नाही. याच पुस्तकात एका अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलून द्यायला आई श्यामला पाठवते. गावाच्या रीतीने पाहिले तर हे चूकच. समोरच्याचे मन ओळखणे आणि लोकरीत पाळणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे गुरुजींना पक्के ठाऊक होते. त्यांच्या चित्रणात उणीव आहे ती दुसरीच: सांगणारा श्याम आता मोठा झालेला आहे. त्यामुळे लहान श्यामच्या तोंडी अडखळणे कमी आणि उमज फार येते. खरी मुले इतकी लवकर शहाणी होत नाहीत, आणि त्यांची घाई करू नये.

आता दिवाळीत घरोघरी मुलांना पाहुण्यांपुढे उभे करून 'बोल ना रे!' चा घोष सुरू होईल. तेवढ्यावरून कुणाला हुशार वा मुखदुर्बळ ठरवू नये. शेजारी फराळाचे ताट पोहोचवायला गेलेला तोच मुलगा आजारी आजींशी कसा बोलतो, तेही ऐकावे. आणि तिथेही, रोजच्या माणसांतही, तो वारंवार चाचपडत असेल, तर रागावण्याऐवजी जाणत्याचा सल्ला घ्यावा.