आघाताचे कथन आणि श्रोत्याचे कर्तव्य

मनावरील आघात बोलून दाखविल्याने हलका होतो, ही समजूत जुनी आहे. ब्रॉयर व फ्रॉइड यांनी १८९५ मध्ये हिस्टेरियावरील ग्रंथात तिला शास्त्रीय रूप दिले. ज्यूडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये या विचाराला क्रम दिला : प्रथम सुरक्षितता, नंतर स्मरण व शोक, आणि अखेरीस जनसंबंधांची पुनःस्थापना. पहिली पायरी गाळून माणसास दुसरीवर लोटले असता काय होते, याचे मराठीतील ठळक उदाहरण विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात आढळते.

लीला बेणारे हिच्यावर भ्रूणहत्येचा लुटुपुटीचा खटला भरला जातो आणि पाहता पाहता खेळ खरा होतो. किशोरवयात मामाने केलेला विश्वासघात, त्यानंतरचा आत्मनाशाचा प्रयत्न, हे सारे प्रथम इतरांच्या तोंडून उघड होते. तिच्या दीर्घ स्वगतास भावविरेचन समजण्याचा मोह होतो. तथापि त्या वेळी इतर पात्रे निश्चल असतात. कथन आहे, श्रोता नाही. म्हणूनच स्वगतानंतर तिला दिलासा मिळत नाही, शिक्षा मिळते. सामंत तिच्याजवळ खेळण्यातला पोपट ठेवतो, एवढीच काय ती सहानुभूतीची कृती. आणि ती निःशब्द आहे.

त्या निःशब्द कृतीचा विस्तार म्हणून सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’कडे पाहता येते. २०१७ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळविणाऱ्या या चित्रपटात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या तरुणास जानकी आसरा देते. ती स्वतः नैराश्यातून सावरत असल्यामुळे चौकशीची घाई करीत नाही. कासवाचे अंग आक्रसून घेणे येथे रोग ठरत नाही, संरक्षण ठरते. ते आपोआप सुटेपर्यंत थांबणे हाच उपचाराचा आरंभ होय.

मात्र चित्रपटाची मर्यादाही येथेच आहे. जानकीपाशी समुद्राकाठचे घर, वाहनचालक आणि मोकळा वेळ आहे. आसऱ्याची ही किंमत चित्रपट विचारात घेत नाही. परिणामी माया हीच चिकित्सेस पर्याय असल्याचा भास होतो. गोंदिया जिल्ह्यातील बोदलकसा आणि त्याभोवतीच्या झाडीपट्टीतील प्रेक्षकास हा प्रश्न टाळता येणार नाही. तेथे शेतीभातीच्या घरात रुग्णाजवळ बसणाऱ्याची मजुरी बुडते आणि तज्ज्ञाचे दार शहरात असते. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनिसेवा उपलब्ध आहे, परंतु दूरध्वनी उचलण्याआधी घरात न्यायासन मांडले जाणार नाही, ही हमी तिला देता येत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले. कायद्याने आरोपीस रुग्ण मानले. समाजाने मानले की नाही, याचा निर्णय अजून व्हावयाचा आहे. बेणारेच्या स्वगतास श्रोता लाभेल तेव्हाच तो झाला असे म्हणता येईल.