शर्यतीच्या सारथ्याचें चरित्र

टॉम वुल्फ या अमेरिकन लेखकाचा ज्यूनियर जॉन्सन या शर्यतपटूवरील निबंध १९६५ सालीं 'एस्क्वायर' मासिकांत आला. बाजारांत मिळणाऱ्या मोटारींच्याच घाटाच्या गाड्या पळविण्याची जी शर्यत अमेरिकेच्या दक्षिणेंत वाढली, तिचा हा वीर. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ मुलखांत बापाच्या भट्टीची चोरटी दारू रात्रीं मोटारीनें पोंचवितां पोंचवितां त्याचा हात बसला. मोहाची भट्टी ऐकून ठाऊक असलेल्या आमच्या आमगांवकडील वाचकांस हा मुलूख फारसा परका वाटूं नये!

वुल्फची शैली उद्गारांनीं व आवाजांच्या नकलांनीं भरलेली आहे. संथ गद्याची संवय असलेल्यास ती प्रथम खटकते. परंतु तिच्याआडचा डोळा खरा आहे. नुसती शर्यत न दाखवितां तो त्या खोऱ्यांतून मनुष्य उभा करतो. दोष निराळाच आहे. शीर्षकांतच जॉन्सनला 'अखेरचा अमेरिकन वीर' ठरविलें आहे, आणि वीराचें वय त्या वेळीं अवघें तेहतीस! १९६० ची डेटोनाची शर्यत पुढच्या गाडीच्या पाठीशीं चिकटून, तिनें कापलेल्या वाऱ्याचा लाभ घेऊन जिंकणारा हा हुषार गडी १९६६ मध्यें हांकणें सोडून मालक झाला. त्याच्या चालकांनीं सहा वेळां अजिंक्यपद मिळविलें. भट्टीवर पकडला जाऊन भोगलेल्या शिक्षेबद्दल अध्यक्ष रेगन यांनीं १९८६ सालीं त्यास माफी दिली. २०१९ सालीं तो वारला. हें उत्तरायुष्य वुल्फला ठाऊक असणें शक्य नव्हतें. पण घाईनें दिलेल्या बिरुदामुळें अनेकांच्या मनांत जॉन्सन दारूच्या गाडीवरचा पोरगाच राहिला.

तरी त्याला चरित्रकार लाभला. आमच्या पूर्व विदर्भांत धान घरीं आलें कीं शंकरपट भरतात. दिवसा जोड्या धांवतात, रात्रीं झाडीपट्टीचें नाटक रंगतें. हलक्या छकड्यावर तोल सांभाळून, कांहीं सेकंदांच्या धांवेंत दोन जनावरांची चाल एक राखणें ही मोठी विद्या होय. परंतु लौकिक बैलांचा व मालकाचा. हांकणाऱ्याचें नांव शिवेपलीकडे क्वचितच जातें. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रांत त्यांना सशर्त परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्यें. मुक्या जनावरांच्या यातनांचा प्रश्न खोटा नव्हता, आणि चांगल्या चरित्रकारास तो टाळतां येणार नाहीं. पण त्या साडेसात वर्षांत जे हांकणारे उतारवयास लागले, त्यांच्या तोंडची हकीकत कोणी टिपून ठेवली? पटाच्या गर्दीवर आमचीं नाटकें पोसलीं. त्या पटांतील एका सारथ्यावर लिहिलेला सबंध निबंध मात्र अद्याप आमच्या वाचनांत आलेला नाहीं.