आज्ञावली-विश्लेषक साधने आणि देवनागरी नावे : चाचणीपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
आज्ञावली वाचून तिच्यातील दोष दाखविणाऱ्या साधनांची चाचणी बहुधा रोमन लिपीतील नावांवरच घेतली जाते. वस्तुतः २००८ मधील पायथॉन ३.० पासून चलाला देवनागरी नाव देता येते. भाषेने जे ग्राह्य मानले, ते विश्लेषक साधन ग्राह्य मानते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

दोषाचे स्वरूप :
पायथॉनच्या व्याकरणानुसार नावाच्या पहिल्या अक्षरानंतर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त चिन्ह चालते. काही साधने मात्र नाव ओळखण्यासाठी पायथॉनच्या रेग्युलर एक्सप्रेशनमधील ‘शब्दात येणारे वर्ण’ हा तयार गट वापरतात. त्यात अक्षरे व अंक येतात. ही चिन्हे येत नाहीत. परिणामी ‘श्रीगोंदा’ या नावाचे श, र, ग, द असे तुकडे होतात. ‘पाणी’ आणि ‘पुणे’ या दोहोंतून प, ण एवढेच उरते. म्हणजे दोन भिन्न चले साधनाला एकच भासू शकतात. पायथॉनसोबत येणाऱ्या ‘टोकनाइझ’ या घटकातही हा दोष होता. २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत तो घटक भाषेच्या मूळ शब्दविच्छेदकावर आधारण्यात आला, तेव्हा दोष दूर झाला.

चाचणीची मर्यादा :
आपल्या जिल्ह्याचे जुने नाव ‘अहमदनगर’ काना-मात्रेविना लिहिले जाते. म्हणून सदोष साधनही ते अखंड वाचते. २०२४ मध्ये आलेल्या ‘अहिल्यानगर’ या नावाचे मात्र अह, ल, य, नगर असे तुकडे पडतात. १४ तालुक्यांची रूढ नावे घेतल्यास केवळ ‘नगर’ अखंड राहते. उदाहरण कोणते निवडले, यावरच चाचणीचा निकाल ठरतो, हे यावरून स्पष्ट होते. याउलट, ‘वाऱ्या’ हे रूप अदृश्य जोडक वापरून टंकित केले, तर पायथॉन स्वतःच ते नाकारते. तेथे साधनाने चूक दाखविणे योग्यच होय.

निष्कर्ष :
साधनाचा निर्णय भाषेच्या मूळ व्याकरणाशी ताडून पाहिल्याशिवाय चाचणी पूर्ण मानू नये. नमुन्यात वेलांटी, अनुस्वार व जोडाक्षर असलेली नावे असावीत. अन्यथा मराठी नावे वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ‘इंग्रजीत लिही’ असा सल्ला मिळतो आणि साधनाचा दोष लिपीच्या माथी बसतो. अध्यापकांनी तरी या निवाड्यावर शिक्कामोर्तब करू नये.