‘ऋण प्रबलन’ आणि शिक्षा : वर्तनविश्लेषणातील संज्ञांच्या सैल वापराची चिकित्सा

मराठी माध्यमातून मानसशास्त्र शिकविताना सर्वाधिक घोटाळा होतो तो ‘ऋण प्रबलन’ या संज्ञेपाशी. ‘ऋण’ या शब्दाला चिकटलेल्या वजाबाकीच्या व तोट्याच्या अर्थच्छटेमुळे विद्यार्थी तिचा अर्थ ‘शिक्षा’ असा करतात. विस्तारकार्याच्या अहवालांतही हीच सरमिसळ आढळते. विद्यार्थ्यांना सर्वस्वी दोष देणे मात्र न्याय्य ठरणार नाही. स्वतः बी. एफ. स्किनर यांनी १९३८ च्या ‘द बिहेव्हिअर ऑफ ऑर्गनिझम्स’ या ग्रंथात ही संज्ञा आजच्या ‘शिक्षे’च्या जवळ जाणाऱ्या अर्थाने योजिली होती; आजचा अर्थ त्यांनी १९५३ च्या ‘सायन्स अँड ह्यूमन बिहेव्हिअर’मध्ये स्वीकारला. जॅक मायकेल यांनी तर १९७५ मध्ये धन-ऋण हा भेदच सोडून द्यावा, असे सुचविले.

वर्तनानंतर घडलेल्या बदलामुळे त्याच वर्तनाची पुढील वारंवारिता वाढली, तर ते प्रबलन. घटली, तर ती शिक्षा. बदल काही मिळण्याचा असेल तर धन, काही टळण्याचा वा दूर होण्याचा असेल तर ऋण. या व्याख्येत देणाऱ्याच्या हेतूला स्थान नाही, आणि नेमके हेच आपल्या वर्गांत निसटते.

मुळशी तालुका भातासाठी प्रसिद्ध आहे. चांदे येथील एखादे भातखाचर डोळ्यांसमोर आणावे. दाणा भरू लागला की पाखरांची राखण सुरू होते. राखणदार हाकारा घालतो, गोफण फिरवितो, थवा उडतो. उपद्रव टळल्यामुळे राखणदाराचे हाकारे वाढतात : हे ऋण प्रबलन. त्या खाचरात उतरण्याचे पाखरांचे वर्तन घटले, तर त्यांच्या बाजूने तीच घटना शिक्षा ठरते. म्हणजे ‘गोफण हे प्रबलन की शिक्षा?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. कोणाचे, कोणते वर्तन, हे सांगितल्याशिवाय उत्तर संभवत नाही. बुजगावण्याला पाखरे काही दिवसांत सरावतात. त्याला ‘विलोपन’ म्हणण्याची प्रथाही सदोष आहे. विलोपनात पूर्वी मिळणारा प्रबलक थांबतो. येथे दाणे मिळतच असतात, थांबते ती केवळ दचक.

या काटेकोरपणाचे मोल सार्वजनिक उपक्रमांत दिसते. महाराष्ट्रात २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान राबविले गेले आणि २००३ मध्ये केंद्र शासनाने निर्मल ग्राम पुरस्कार जाहीर केला. या पुरस्कारांना ‘धन प्रबलन’ म्हणण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु पुरस्कार मिळतो ग्रामपंचायतीला, तोही तपासणीनंतर बऱ्याच काळाने. वर्तन मात्र प्रत्येक व्यक्तीचे आणि रोजचे. त्यामुळे शौचालय बांधण्याचे, तपासणीची तयारी करण्याचे वर्तन बळावू शकते. शौचालय वापरण्याचे वर्तन त्याने बळावेलच, असे नाही. पुरस्कारप्राप्त गावांपैकी अनेकांत नंतर घसरण झाल्याचे पाहण्यांतून दिसले, यात आश्चर्य ते काय?

‘गुड मॉर्निंग पथकां’ची बाब अधिक गंभीर आहे. पहाटे उघड्यावर बसलेल्यांना गाठणे, लज्जित करणे, दंड आकारणे यांस काही अहवालांत ‘ऋण प्रबलन’ म्हटले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे शास्त्राचे कवच देऊन शिक्षेला प्रतिष्ठा देणे होय. या प्रसंगात ऋण प्रबलन आहे, पण ते भलत्याच वर्तनाचे. पथक टळते म्हणून आडवाट धरणे, अधिक अंधारात निघणे ही वर्तने बळावतात. त्याचा भार स्त्रियांवर आणि वृद्धांवर अधिक पडतो. घरात पाणी नाही, की शोषखड्डा भरला आहे, की संडासाला दार नाही, हे पूर्वगामी घटक न तपासता केवळ परिणामांची योजना करणे हे विश्लेषण नव्हे.

बेअर, वुल्फ व रिझली यांनी १९६८ मध्ये उपयोजित वर्तनविश्लेषणाचे निकष मांडताना वर्तनाचे प्रत्यक्ष मापन आणि समाजोपयोगी वर्तनाची निवड यांना मध्यवर्ती स्थान दिले. त्या कसोटीवर ‘शौचालयांची संख्या’ हे मापन वर्तनाचे नाहीच. आपल्या महाविद्यालयांच्या श्रमसंस्कार शिबिरांतील सर्वेक्षण-प्रपत्रांत ‘शौचालय आहे का?’ हा रकाना असतो. ‘काल घरातील किती जणांनी वापरले?’ हा रकाना घालण्यास विद्यापीठाच्या परवानगीची गरज नाही.