स्नायू आणि मूत्रपिंड एकाच वाक्यात?

परवा उदगीरच्या अभ्यासिकेत एका ज्युनियरचा सिनॉप्सिस वाचला. पहिलंच वाक्य: “इन्सुलिन रेझिस्टन्समुळे स्नायू व मूत्रपिंडांचा रक्तप्रवाह कमी होतो.” असंच वाक्य मीही एकदा लिहून बसलो होतो. म्हणून आज त्याचीच चिरफाड.

आधी स्नायू. इथला गाजलेला शोधनिबंध लाक्सो, बॅरन आणि सहकाऱ्यांचा, १९९० चा. रक्तातली साखर स्थिर ठेवून त्यांनी इन्सुलिन दिलं आणि पायाचा रक्तप्रवाह मोजला. सडपातळ लोकांत तो चांगला वाढला, लठ्ठ लोकांत तेवढ्याच इन्सुलिनला कमी वाढला. नीट बघा, ‘कमी झाला’ नाही. ‘हवा तेवढा वाढला नाही’. इन्सुलिन रक्तवाहिनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतं, रेझिस्टन्समध्ये तो मार्ग मंदावतो.

पण या पद्धतीची मर्यादा आहे. ती पायाचा एकूण प्रवाह मोजते. शेतात दारं धरताना मुख्य पाटाचं पाणी तेवढंच असतं, कोणत्या सरीला वळवलं यावर पीक ठरतं. स्नायूतल्या केशवाहिन्यांचंही तसंच. एकूण आकडा न बदलताही आतली वाटणी बदलू शकते.

आता मूत्रपिंड. हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण पाचवा हिस्सा तिथे जातो, तो स्वतःच्या भुकेसाठी नाही तर गाळण्यासाठी. लठ्ठपणात आणि टाइप २ मधुमेहाच्या सुरुवातीला ही गाळणी बऱ्याचदा उलट वाढते, यालाच हायपरफिल्ट्रेशन म्हणतात. आकडा चांगला दिसतो, पण वाढलेला दाब वर्षानुवर्षं गाळणीच खराब करतो. म्हणजे ‘कमी होतो’ लिहिणाऱ्याला धोक्याची पहिली पायरी दिसणारच नाही.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. २००४ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३; शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१. मग मराठवाड्यात फक्त वजनावरून ‘सडपातळ’ गट पाडला, तर तुलना कोणाशी करताय?

सिनॉप्सिस लिहिताना प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारा: कोणत्या अवयवात मोजलं? नेमकं काय मोजलं? कोणाच्या शरीरात? त्या ज्युनियरने वाक्य खोडून दोन वाक्यं केली, एक स्नायूंचं, एक मूत्रपिंडांचं. तुमचं पहिलं वाक्यही आजच तपासा. व्हायवात तपासलं गेलं तर जड जातं, राव!