हेर पकडणारे विनोदवीर

सप्टेंबर १९३९मध्ये युद्ध पुकारलं गेलं आणि ब्रिटिश सरकारने देशभरातली चित्रपटगृहं बंद केली. एखादा बॉम्ब पडला तर एकाच छपराखाली शेकडो माणसं दगावतील, ही धास्ती. बंदी फार टिकली नाही. उलट युद्ध लांबत गेलं तशा तिकीटखिडकीवरच्या रांगाही लांबल्या.

या प्रेक्षकांसाठी ईलिंग आणि गेन्सबरो या स्टुडिओंनी जुनीच रहस्यकथा नव्याने सजवली. बंगल्यातल्या प्रेताची जागा नाझी हेराने घेतली आणि तपास आला विनोदी नटांच्या हाती.

‘लेट जॉर्ज डू इट’ (१९४०) घ्या. युकुलेले वाजवणारा जॉर्ज फॉर्मबी ब्लॅकआउटच्या अंधारात चुकीच्या बोटीत चढतो आणि नॉर्वेतल्या बर्गनला पोहोचतो. तिथला बँडमास्टर रेडिओवरच्या संगीतातून जर्मन पाणबुड्यांना सांकेतिक निरोप धाडत असतो. स्वप्नात जॉर्ज थेट हिटलरला ठोसा लगावतो. प्रसंग झकास, पण जॉर्ज तपास असा करतच नाही. नशीबच त्याच्या वाटचं काम उरकतं.

विल हेचा ‘द घोस्ट ऑफ सेंट मायकल्स’ (१९४१) अधिक बांधेसूद आहे. स्काय बेटावरच्या किल्ल्यात हलवलेली शाळा, मृत्यूची वर्दी देणारा बॅगपाइपचा आवाज आणि ज्याला काहीच येत नाही असा मास्तर. इथे भीती आणि हसू एकमेकांच्या आड येत नाहीत.

त्याच वर्षीच्या ‘द घोस्ट ट्रेन’मध्ये मात्र नेमकं तेच बिघडलं. अर्नोल्ड रिडलीच्या मूळ नाटकात खुळचट वाटणारा तरुणच शेवटी डिटेक्टिव्ह निघतो. चित्रपटाने या भूमिकेचे दोन तुकडे केले: खुळेपणा आर्थर आस्कीला, तपास रिचर्ड मर्डॉकला. आस्की कोट्या करू लागला की रहस्य ताटकळत उभं राहतं आणि नाटकातला शेवटचा धक्काही बोथट होतो.

या सगळ्यांत उजवा ठरतो अँथनी अस्क्विथचा ‘कॉटेज टू लेट’ (१९४१). स्कॉटलंडमध्ये एक शास्त्रज्ञ लष्करासाठी शोध लावतोय. त्याच्या विसरभोळ्या बायकोने एकच कॉटेज भाडेकरूला, लष्करी इस्पितळाला आणि लंडनहून आलेल्या मुलांना, असं तिघांना देऊन टाकलंय. त्या मुलांतला रॉनल्ड हा शेरलॉक होम्सचा भक्त. ही भूमिका जॉर्ज कोलची. पडद्यावरचं त्याचं पहिलं काम. सोळाव्या वर्षी त्याने लंडनच्या गल्लीतला आगाऊपणा असा काही उभा केलाय, की मोठ्यांनी त्याच्याकडे केलेलं दुर्लक्ष आपल्यालाच झोंबतं. रॉनल्ड नशिबावर विसंबत नाही. तो पाहतो, ताडतो.

आणि संशय? चोरपावलांनी वावरणारा, पाहताक्षणी खटकणारा भाडेकरू, म्हणजे ॲलस्टेअर सिम, सरकारचाच माणूस निघतो. पॅराशूटने उतरलेला जॉन मिल्सचा देखणा वैमानिक शत्रूचा हस्तक असतो. अनोळखी माणसापासून सावध राहा, असं भिंतीभिंतीवर बजावलं जात असताना, हवाई दलाच्या गणवेशावरच संशय घ्यायला लावणं धाडसाचं होतं. हे धाडस गंभीर युद्धपटाला अवघड गेलं असतं. विनोदी चित्रपटात ते खपून गेलं.

युद्ध संपल्यावर पडद्यावरच्या हेरांची गरजही ओसरली. १९४६च्या ‘ग्रीन फॉर डेंजर’मध्ये खुनी इस्पितळातल्याच माणसांत दडलेला असतो. सिम इथे हौशी नाही, पगारी इन्स्पेक्टर कॉक्रिल आहे. त्याचा शेवटचा डाव एकाच्या जिवावर बेततो आणि चित्रपट संपतो तो त्याच्या राजीनाम्यावर.