पूर्वराग आणि पायवाट

शेवट आधीच ठाऊक असलेल्या प्रेमकथेत मीलन लांबवणे ही पाने वाढवण्याची युक्ती होय, असा आक्षेप रंजनपर कादंबरीवर घेतला जातो. अनिता केली यांची 'समथिंग वाइल्ड अँड वंडरफुल' (२०२३) ही कादंबरी या आक्षेपाची फेरतपासणी करायला लावते.

मेक्सिकोच्या सीमेपासून कॅलिफोर्निया, ऑरेगन व वॉशिंग्टन या राज्यांतून कॅनडाच्या सीमेपर्यंत जाणारी, सुमारे ४,२६५ किलोमीटरची 'पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल' ही पायवाट तिचे स्थळ आहे. समलिंगी असल्याचे सांगितल्यावर धर्मनिष्ठ आईवडिलांना पारखा झालेला अबोल ॲलेक्सी येथे एकांत शोधत येतो. एका विषारी सापाच्या निमित्ताने मनमोकळ्या बेनशी त्याची गाठ पडते. पुढे ती पुन:पुन्हा पडत राहते. एरवी योगायोग हा अशा कथानकातील दुबळा दुवा. येथे मात्र वाट एकच, पाण्याच्या जागा मोजक्या आणि शिधा घेण्याची गावे ठरलेली. त्यामुळे पुनर्भेट संभाव्यतेच्या कक्षेत येते. विलंब कथानकावर लादला जात नाही. तो चालण्याच्या गतीतूनच निष्पन्न होतो.

संस्कृत साहित्यशास्त्राने विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे भेद मानले. तेथे प्रवास हे विरहाचे कारण आहे. या कादंबरीत प्रवास हाच पूर्वरागाचा अवकाश होतो. दुसऱ्याच्या चालीशी आपली चाल जुळवणे, त्याचा थकवा ओळखणे, यांतून देहाचा परिचय स्पर्शाच्या कितीतरी आधी सुरू होतो.

तरीही ज्ञात शेवटाचा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर समलिंगी प्रेमकथेच्या इतिहासात आहे. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९१३-१४ मध्ये लिहिलेली 'मॉरिस' ही कादंबरी, तिच्या सुखान्तासह, लेखकाच्या निधनानंतर १९७१ मध्येच प्रकाशित होऊ शकली. ॲनी प्रू यांच्या 'ब्रोकबॅक माउंटन' (१९९७) या कथेत डोंगरावर लाभलेली जवळीक सपाटीवरच्या जगात टिकत नाही आणि कथा एका प्रियकराच्या मृत्यूपाशी येऊन ठेपते. या परंपरेने घडवलेला वाचक मीलनाची नव्हे, अनर्थाची वाट पाहायला शिकलेला असतो. सुखान्ताची हमी त्याला या धास्तीतून सोडवते. मगच विलंब आस्वाद्य होतो. इतर प्रेमकथांत जो संकेत झिजलेला वाटतो, तो येथे आस्वादाची पूर्वअट ठरतो.

अर्थात, पायवाटेचे हे स्वातंत्र्य निरपवाद नाही. कित्येक महिने नुसते चालत राहण्याची सवड आणि ऐपत मुळात थोड्यांपाशीच असते. शिवाय फॉर्स्टर यांचे प्रेमिक समाज सोडून अरण्याच्या आश्रयाला जातात. पायवाट मात्र कुठेतरी संपते आणि चालणाऱ्याला पुन्हा माणसांत आणून सोडते. तेथे हे प्रेम कसे नांदेल, या प्रश्नाला सुखान्ताची हमी पुरी पडत नाही. म्हणूनच वाटेवरची प्रत्येक दिरंगाई वाचकाला हवीहवीशी वाटते.